ओळीने उपदेश आणि आजारी घर



पुणे, मुंबई, नगरच्या मंडळ्यांमध्ये आमच्या कामाची माहिती द्यायला गेले की उपासनेनंतर चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुमचं काम आरोग्याचं, शाळेचं, पाण्याचं. मग खेड्यातल्या पाळकांना उपदेश शिकवण्याच्या शिबिरांवर तुम्ही वेळ आणि पैसा का घालवता?" प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो आणि रास्तही आहे. हातात कप घेऊन त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते.

मी पाळक नाही. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला तरी माझे आयुष्य व्यासपीठावर कमी आणि लोकांच्या ओसरीवर जास्त गेले. पण ओसरीवर बसल्यामुळेच एक गोष्ट कळली. आमच्या भागात रविवारी जे सांगितले जाते त्यावर सोमवारी माणूस गोळी घेतो की नाही, हे पुष्कळदा ठरते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळपास, आणि शंभरांतले सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, गावित आणि इतर. या लोकांमध्ये सिकलसेलचा आजार बराच आढळतो. ज्यांनी हा आजार जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्या ताठ होऊन विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. रक्त वारंवार कमी होते. आजार जन्मतःच असतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक माणूस मात्र बहुधा ठणठणीत असतो, त्यामुळे आपल्या रक्तात काही आहे हे त्याला ठाऊकही नसते. फोलिक ॲसिडच्या गोळ्या, डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, अशी ही जन्मभराची काळजी आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, गावोगाव तपासण्या होत आहेत. तपासणीचा कागद हातात आला म्हणून काम संपत नाही. गोळी रोज घेतली पाहिजे, आणि वर्षानुवर्षे घेतली पाहिजे.

आता उपदेशाकडे येते. नवापूर तालुक्यातले एक घर. गाव आणि नावे सांगत नाही. मुलगी चौदा वर्षांची, सिकलसेलची रुग्ण, दोन वर्षे गोळ्या चालू होत्या आणि कळा कमी झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने सभेत सांगितले की देवाने बरे केले आहे असा पक्का विश्वास असेल तर गोळीची गरज काय? गोळी घेणे म्हणजे शंका घेणे. आईने विश्वास दाखवायचा म्हणून गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी थंडी पडली आणि मुलीला रात्री झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागले. मुलगी वाचली. मी भेटायला गेले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. मला वाटले ती उपदेशकाला बोल लावील. तिने विचारले, "माझ्या विश्वासात काय कमी पडलं, ताई?"

या प्रश्नाला आमच्या भागात एक जुना जोडीदार आहे. गावात मूल दगावले, गुरे मेली, माणूस अंथरुणाला खिळला की "हे कोणी लावलं?" असा शोध सुरू होतो. कधी कधी तो शोध एखाद्या एकट्या, विधवा, म्हाताऱ्या बाईच्या दारात जाऊन थांबतो आणि तिला डाकीण ठरवले जाते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे करणे गुन्हा आहे आणि आमच्या डोंगरातले कितीतरी आदिवासी कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध जिवाची पर्वा न करता उभे राहिले आहेत. ख्रिस्ती झाल्यावर लोक डाकीण मानणे सोडतात, हे खरे आहे आणि त्यासाठी मी देवाचे आभार मानते. पण "विश्वास कमी पडला" ही शिकवण घरात आली की तोच शोध मागच्या दाराने परत येतो. फरक एवढाच, की दोषी शेजारीण सापडत नाही, आजारी मुलीची आई सापडते. आजार आहे म्हणजे कोणाचा तरी अपराध आहे, ही जुनी बैठक हललेलीच नसते.

त्या उपदेशकाने खोटी वचने सांगितली होती का? नाही. त्याने उच्चारलेले प्रत्येक वचन पवित्र शास्त्रात आहे. म्हणून "तो खोटा शिक्षक आहे" एवढे म्हणून भागत नाही. अडचण निवडीत होती. बरे केल्याची सात-आठ वचने वेगवेगळ्या पुस्तकांतून उचलून एका दोऱ्यात ओवली, की माळ तयार होते. त्यांच्या मागचेपुढचे अध्याय उघडलेच जात नाहीत. आणि हे केवळ बाहेरचे उपदेशक करतात असे नाही. आमच्या गावचा पाळक दिवसभर शेतात राबतो, शनिवारी रात्री थकून बसतो आणि पाठ असलेले, लोकांना आवडणारे एखादे वचन घेतो. वर्षभर पाहिले तर त्याच दहा-बारा वचनांभोवती उपदेश फिरत असतो.

यावर रिफॉर्म्ड, म्हणजे धर्मसुधारणेच्या स्वित्झर्लंडकडून आलेल्या परंपरेत एक जुना इलाज आहे. उपदेशकाने वचन निवडायचेच नाही. एक पुस्तक घ्यायचे, पहिल्या अध्यायापासून सुरुवात करायची आणि ओळीने शेवटपर्यंत जायचे. गेल्या रविवारी जिथे थांबलो, तिथून या रविवारी पुढे. आपल्याकडे श्रावणात घरोघर पोथी लावतात, ती अशीच वाचतात. आवडता अध्याय दोनदा आणि नावडता गाळला, असे पोथीत चालत नाही. लावली की पुरी करायची. ज्यांना "क्रमवार विवेचन" हा शब्द जड वाटतो त्यांना मी म्हणते, पाळकबुवा, शुभवर्तमानाची पोथी लावा.

झुरिचमध्ये उलरिख झ्विंग्लीने १ जानेवारी १५१९ रोजी हे सुरू केले. त्या काळी प्रत्येक रविवारसाठी ठरलेला शास्त्रपाठ असे आणि उपदेश त्यावर होई. झ्विंग्लीने ती चौकट बाजूला ठेवली आणि मत्तयाचा पहिला अध्याय, ती लांबलचक वंशावळ, उघडून सुरुवात केली. त्याच वर्षी शहरात प्लेग आला. आजाऱ्यांची सेवा करताना तोही आजारी पडला, मरणाच्या दारातून परतला आणि पुन्हा ओळीने शिकवू लागला.

जिनिव्हातल्या जॉन काल्विनची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १५३८ च्या ईस्टरला नगराच्या कारभाऱ्यांशी वाद होऊन त्याला हाकलून दिले. साडेतीन वर्षांनी, सप्टेंबर १५४१ मध्ये, त्याच लोकांनी त्याला परत बोलावले. तो व्यासपीठावर चढला तेव्हा आता हा आपली कशी खरडपट्टी काढतो याकडे सगळ्यांचे कान लागले होते. त्याने पुस्तक उघडले आणि हकालपट्टीच्या वेळी जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या भागावर उपदेश केला. मला ही गोष्ट फार आवडते. व्यासपीठ हे आपला हिशेब चुकता करण्याची जागा नाही, हे त्याने एक शब्दही न बोलता दाखवले. आमच्या शिबिरात ही गोष्ट सांगितली की पाळक हसतात, कारण गावच्या भांडणानंतरच्या रविवारी कोणते वचन निघते हे सगळ्यांना ठाऊक असते!

काल्विन स्वतः सदा आजारी असे. डोकेदुखी, मुतखडा, संधिवात, शेवटी क्षय. एकुलता मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला, पत्नी इडेलेट १५४९ मध्ये गेली. याच माणसाने १५५४-५५ मध्ये ईयोबाच्या पुस्तकावर १५९ उपदेश केले. (आमच्याकडे रविवारी एक याप्रमाणे १५९ उपदेश करायचे तर ऊसतोडीचे तीन हंगाम उलटतील, तेव्हा एवढे कोणी करू नये.) त्या उपदेशांत त्याने एक मार्मिक गोष्ट दाखवली. ईयोबाची बाजू खरी आहे, पण तो ती वाईट रीतीने मांडतो. मित्रांची बाजू खोटी आहे, पण ते ती उत्तम रीतीने मांडतात. तू आजारी आहेस म्हणजे तू काहीतरी केले असशील, हे मित्रांचे म्हणणे ऐकायला अगदी धार्मिक वाटते. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. पण हे कळायला ४२ व्या अध्यायापर्यंत पोहोचावे लागते. मधलेच एक वचन उचलले तर बिल्दद आणि सोफर यांचे शब्द देवाचे म्हणून खपतात, आणि असे खपवलेले मी ऐकले आहे.

आमच्या पाळकांबरोबर आम्ही ईयोबापासून सुरुवात केली नाही. मार्क घेतला. सोळा अध्याय, छोटा, गोष्टींनी भरलेला, आणि बरे केल्याचे प्रसंग त्यात खच्चून आहेत. म्हणजे उपदेशकांची आवडती वचने इथेच सापडतात. ती वचने त्यांच्या जागी, त्यांच्या ओळीत ऐकली तर काय होते, ते पाहायचे होते.

पहिल्याच अध्यायात सगळे गाव आजाऱ्यांना घेऊन दारात जमते आणि येशू पुष्कळांना बरे करतो. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत येतात, तर तो म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ, मला तिथेही उपदेश करायचा आहे. म्हणजे बरे करणे हे त्याच्या येण्याचे सगळे कारण नाही. दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला छपरातून खाली सोडतात. तिथे मार्क सांगतो की येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाने विश्वासाचा एक शब्दही उच्चारल्याचे लिहिलेले नाही. हे वाचले तेव्हा एक म्हातारे वडील म्हणाले, "मग आजारी माणसाच्या विश्वासाची परीक्षा कशाला? उचलणारे आपण आहोत." मी इतके नेमके विवेचन डिप्लोमाच्या वर्गात ऐकले नव्हते. त्याच अध्यायात पुढे येशू स्वतःच्या कामाची तुलना वैद्याच्या कामाशी करतो. वैद्याकडे जाणे अविश्वासाचे असते तर त्याने ही उपमा घेतली नसती.

पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली बाई येते. वैद्यांवर सगळे पैसे खर्चून ती आणखीच खालावली होती, हे वाक्य दवाखान्याविरुद्ध वापरले जाते. मार्क तिच्या हालांचे वर्णन करतो, वैद्याकडे गेल्याबद्दल तिला दोष देत नाही. येशूही देत नाही, तो तिला मुली म्हणून हाक मारतो. मग सहावा अध्याय येतो, आणि इथे पाळकांची पंचाईत होते. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फारशी अद्भुत कामे केली नाहीत, असे तिथे लिहिले आहे. निवडून उपदेश करणाऱ्याला हा भाग टाळता येतो किंवा याचाच दंडुका करता येतो. ओळीने जाणाऱ्याला थांबून नीट पाहावे लागते. नासरेथकरांचा अविश्वास कसला होता? हा तर आपल्यातला सुतार, याची आई-भावंडे आपल्याला माहीत आहेत, असे म्हणून त्यांनी त्याला झिडकारले होते. आजारी लेकरासाठी डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करणाऱ्या आईला या नासरेथकरांच्या रांगेत बसवणे हा वचनावर अन्याय आहे. आणि तिथेही त्याने थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरे केलेच, हे त्याच वाक्यात आहे.

नवव्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलाचा बाप येतो. तो सरळ कबूल करतो की माझा विश्वास आहे आणि नाहीही, मला मदत कर. येशू त्याला विश्वास पुरा करून ये असे सांगून परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो. मी आधी सांगितलेल्या त्या घरी हा अध्याय मी मावचीत, माझ्या मोडक्यातोडक्या उच्चारांत, सांगितला तेव्हा आईने तो बाप काय म्हणाला ते पुन्हा सांगायला लावले. मुलीच्या गोळ्या तोवर पुन्हा सुरू झाल्या होत्या.

आणि मग चौदावा अध्याय. गेथशेमाने बागेत देवाचा पुत्र प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि तो प्याला टळत नाही. येशूच्या विश्वासात काय कमी होते? हा प्रश्न पाळकाने मंडळीला नुसता विचारावा आणि थोडा वेळ गप्प राहावे, असे मी सुचवते. सोळा रविवार ओळीने बसलेल्या मंडळीला त्याचे उत्तर समजावून सांगावे लागत नाही.

देव आजही बरे करतो, यावर माझा विश्वास आहे. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे वडिलांनी तेल लावून आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, आमच्या मंडळ्यांत होते आणि व्हावी. पण पौलाने आपला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी ठेवले, तीमथ्याच्या पोटदुखीवर थोडा द्राक्षारस सुचवला, आणि त्याच्याबरोबर लूक नावाचा वैद्य होता. प्रार्थना आणि औषध एकाच घरात नांदत होती. १५६३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे तयार झालेली प्रश्नोत्तरावली रिफॉर्म्ड मंडळ्यांत आजही शिकवतात. तिच्यात १२९ प्रश्न असून ते वर्षाच्या ५२ रविवारांत वाटले आहेत. तिचा पहिलाच प्रश्न जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता, अशा अर्थाचा आहे. त्या उत्तराचा गाभा असा की दिलासा माझ्या विश्वासाच्या वजनावर टिकत नाही, मी कोणाचा आहे यावर टिकतो. हे लिहिणाऱ्यांनीही प्लेग पाहिला होता.

येथे एक खुलासा करायला हवा. नंदुरबारच्या मंडळ्या जिनिव्हाच्या थेट वारसदार नाहीत. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, त्यांच्यातून इथले बहुतेक काम वाढले. रिफॉर्म्ड धारा महाराष्ट्रात आली ती १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनमधून, स्कॉटिश मिशनमधून आणि १८५२ पासून कोल्हापुरात काम करणाऱ्या प्रेसबिटेरियनांमधून. त्यांतल्या बऱ्याच मंडळ्या पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. आमच्या वार्तापत्राचे अनेक वाचक तिथलेच आहेत. म्हणजे मी आपल्या घरातली वस्तू आपल्यालाच दाखवते आहे! पण ती शहरातही पुष्कळ ठिकाणी फडताळात गेली आहे, असे माझे निरीक्षण आहे.

या परंपरेतली दुसरी वस्तू म्हणजे स्तोत्रे. १५६२ मध्ये जिनिव्हात सर्व १५० स्तोत्रे चालीवर बांधून पूर्ण झाली आणि मंडळी ती सगळी गाऊ लागली, आनंदाची तशी आक्रोशाचीही. आमची गाणी बहुतेक आनंदाची, ढोल-टाळ्यांची. ती मलाही आवडतात. पण ज्या आठवड्यात गावातले मूल दगावले त्या रविवारी त्या बाईने काय गावे? "विश्वासणारे रडत नाहीत" असे तिला सांगितले जाते. शास्त्र असे सांगत नाही. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. मंडळीत ते मोठ्याने वाचले गेले तर त्या बाईला एवढे तरी कळते की असे बोलायला देवाच्या घरात जागा आहे. आमच्या दोन-तीन मंडळ्यांनी महिन्यातून एका उपासनेत आक्रोशाचे स्तोत्र वाचायला सुरुवात केली आहे. वाचन मराठीत, मग तोच भाग मावचीत किंवा वसावीत बोलून. लोकांना न समजणाऱ्या भाषेत उपासना नको, या आग्रहावरच तर धर्मसुधारणा उभी राहिली.

उपदेश व्यासपीठावर संपत नाही. काल्विन हकालपट्टीच्या काळात ज्या स्ट्रासबुर्ग शहरात राहिला, तिथल्या मार्टिन बुत्सरने १५३८ मध्ये आत्म्यांच्या काळजीवर एक पुस्तक लिहिले. यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायावरून त्याने पाळकाची पाच कामे सांगितली: हरवलेल्याला शोधणे, भटकलेल्याला परत आणणे, जखमीला पट्टी बांधणे, दुबळ्याला बळ देणे, धडधाकटाला जपणे. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या आमच्या लोकांना हे चटकन कळते. शिबिरात वडील आपल्या मंडळीतली घरे एकेक आठवून सांगतात, कोणते घर कुठे बसते. जखमीला धडधाकट समजून ओरडू नये, हे त्यातून आपोआप कळते. १५४१ च्या जिनिव्हाच्या नियमांत पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदे होती. सेवक दोन प्रकारचे, एक दानाचा पैसा सांभाळणारे आणि दुसरे आजाऱ्यांची प्रत्यक्ष काळजी घेणारे. तोच नमुना घेऊन आम्ही प्रत्येक मंडळीतल्या एका सेवकाकडे वही दिली आहे. सिकलसेलच्या रुग्णाची गोळी कधी संपणार, दवाखान्याची पुढची तारीख कोणती, एवढेच त्यात लिहायचे. तुमच्या दानातला एक भाग त्यांच्या एसटी आणि जीपच्या भाड्यावर खर्च होतो.

सगळ्यात मोठी अडचण स्थलांतराची आहे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरे कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. मागे म्हातारीकोतारी राहतात. पडावावर पाचटाच्या झोपड्या, पहाटेची थंडी, रात्री ट्रक भरणे, प्यायला पाणी कमी, आणि सिकलसेलच्या माणसाला ज्या ज्या गोष्टी टाळायला सांगतो त्या सगळ्या तिथे एकत्र असतात. बरीच माणसे होळीला परततात. मग उपदेश ओळीने कसा होणार? म्हणून आम्ही वर्ष पंचांगाप्रमाणे नाही, तोडणीप्रमाणे मांडतो. जूनच्या पहिल्या रविवारी मार्क सुरू केला की सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सोळा अध्याय होतात. निघण्यापूर्वीचे चार-पाच रविवार आक्रोशाच्या आणि भरवशाच्या स्तोत्रांना. पडावावर जाणाऱ्या वडिलांच्या मोबाइलमध्ये ती स्तोत्रे मावचीत आणि वसावीत बोलून भरून देतो, आणि सोबत गोळ्यांचे पाकीट.

येत्या जूनमध्ये तीन मंडळ्या ईयोब घेणार आहेत. पूर्ण नाही, पण क्रम न मोडता: पहिले तीन अध्याय, प्रत्येक मित्राचे एक भाषण, एकोणिसावा अध्याय, देवाचे बोलणे आणि शेवट. तयारीच्या बैठकीत एका वडिलांनी शंका काढली. ऐकणारे बहुतेक लोक वाचू शकत नाहीत. मित्रांचे भाषण पाळकाच्याच तोंडून ऐकले तर तेच देवाचे म्हणणे वाटेल, आणि जो मधल्याच रविवारी येईल तो तेवढेच घेऊन घरी जाईल. यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की मित्रांची भाषणे पाळकाने वाचायची नाहीत. दुसऱ्या कोणीतरी दारापाशी उभे राहून वाचायची, ईयोबाचे शब्द मंडळीत बसूनच कोणीतरी वाचायचे, आणि प्रत्येक रविवारी सुरुवातीला पाळकाने शेवटच्या अध्यायात देव कोणाला रागावला ते आधीच सांगून टाकायचे. दारापाशी उभे राहायला अजून कोणी तयार झालेले नाही.